सीएलटी वापरताय? स्लॅबच्या सवयी आधी सोडा

स्लॅब टाकला की सात दिवस पाणी मारायचं, हे आपल्या साइटवर कुणाला सांगावं लागत नाही. सीएलटी, म्हणजे फळ्यांचे आडवे-उभे थर चिकटवून केलेलं जाड पॅनल, याला नेमकं उलटं लागतं. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

घोडबंदर रोडजवळ एका क्लबहाऊसचे पॅनल मे संपता संपता आले आणि थेट जमिनीवर रचले गेले. वरून ताडपत्री घट्ट बांधली, सगळे निर्धास्त. जूनमध्ये पाणी खालून चढलं आणि कडा काळ्या पडल्या. लाकूड पाणी पितं ते कडेच्या उघड्या टोकांतून. कारखान्यातून निघताना ओलावा साधारण १२ टक्के असतो. तो २० टक्क्यांवर टिकून राहिला की बुरशीला आमंत्रण. म्हणून पॅनल टेकूवर उचलून ठेवा, कडांना सीलर लावा, ताडपत्रीखाली हवा खेळू द्या आणि बसवणी पावसाळ्यानंतर धरा. भिजलंच तर हीटर लावून घाईने सुकवू नका, भेगा पडतात. मीटरवर ओलावा उतरेपर्यंत जिप्सम बोर्ड चढवायचं नाही. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा: नुसता डाग असेल तर घासून निघेल, पण टोक आत रुतलं तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

‘मरीन प्लायच वापरू की, स्वस्त पडेल’ हे प्रत्येक साइटवर ऐकू येतं. ते प्लाय किचनच्या ट्रॉलीला उत्तम, मजल्याचा भार घ्यायला नाही.

ऐरोली-वाशीकडे खाडीची खारी हवा आहे. साधे पॉलिश केलेले स्क्रू तिथे गंजतात, स्टेनलेस घ्या. वाळवीसाठी पायाच्या मातीला औषध हवंच, शिवाय जोतं उंच ठेवा आणि तपासायला फट सोडा.

आगीची भीती मात्र थोडी चुकीच्या जागी आहे. जाड लाकूड मिनिटाला सुमारे ०.६५ मिमी कोळसा होत जातं, म्हणजे तासाला ४० मिमीच्या आसपास. जाडी ठरवताना हा हिशेब धरतात. आधी दगा देतात ते उघडे लोखंडी जोड, ते झाका. अग्निशमन दलाशी बोलणी नकाशे पक्के व्हायच्या आधी करा.

कार्बनचा हिशेबही अर्धवट मांडू नका. एका घनमीटर पाइनमध्ये साधारण ८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन अडकलेला असतो, पण पॅनल कुजलं की तो पुन्हा हवेत. जंगलात नवी लागवड होते का, हे पुरवठादाराला विचाराच.

राहिलं बाथरूम, तिथे पावसाळा बारमाही. सीएलटीवर ओला, जड ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर, टाकू नका. पाणी अडवणारं हलकं मेम्ब्रेन वापरा. नहाणी ट्रॅप बंद करून पाणी साठवायची चाचणी घ्या, पण खालचं छत तोवर उघडंच ठेवा. गळती आधी तिथेच दिसते.