संत्रा लिकरचं रंगीत कॉकटेल घरी बनवता? या चुका टाळा

वरुड-मोर्शीकडं संत्रा घरचाच, त्यामुळं कोणी ट्रिपल सेक नाहीतर ब्लू कुरासाओ या संत्र्याच्या चवीच्या गोड दारूची, म्हणजे लिकरची, बॉटल आणली की सगळे रंगाच्याच मागं लागतात, निळं झालं पाह्यजे, हिरवं झालं पाह्यजे, आणि मग पिणारा एक घोट घेते आन् ग्लास बाजूला ठेवून देते. बिघडते ते गोडामुळं. लिकरमध्ये साखर आधीच भरपूर, त्यात संत्र्याचा ज्यूस, वरून गोड कोल्ड्रिंक, आंबट काहीच नाही! आपला नागपुरी संत्रा तसाही आंबटाला कमी, म्हणून कागदी लिंबू लागतोच. 40 मिली व्होडका, 20 मिली लिकर, 20 मिली लिंबाचा रस, इथून सुरुवात करा. अंदाजानं ओतू नका, मोजायचं माप नसलं तर खोकल्याच्या औषधावरचं मिलीच्या खुणा असलेलं झाकण गरम पाण्यानं धुऊन घ्या, काम होते.

आता रंग. ब्लू कुरासाओ चवीला संत्र्याचीच असते, कुरासाओ बेटावरच्या लाराहा नावाच्या कडू संत्र्याच्या वाळल्या सालीची ही लिकर, निळा तो फक्त खायचा रंग. निळं पाह्यजे तर तिच्यात लिंबू आणि सोडाच टाका, संत्र्याचा ज्यूस पडला की हिरवं होणारच. आणि निळ्यात ग्रेनेडीन, म्हणजे डाळिंबाचं लाल गोड सिरप, ढवळाल तर मातकट जांभळं होते, ते कोणालेच पाहवत नाही. थर पाह्यजे असले तर साखर जास्त ते खाली, हे ध्यानात ठेवा: आधी ग्रेनेडीन, मग निळी लिकर, मग ज्यूस, सगळ्यात वर व्होडका, प्रत्येक गोष्ट चमचा उलटा धरून त्याच्या पाठीवरून हळूहळू सोडा. घाई केली की थर गेले.

ज्यूस सकाळी काढून संध्याकाळी वापरणं ही आपल्याकडची नेहमीची चूक. लिमोनिन नावाच्या कडू घटकामुळं संत्र्याचा ज्यूस ठेवला की कडू पडते, आणि मिक्सरमधून बियांसकट फिरवला तर अजूनच. बिया काढा, हातानं पिळा, लगेच वापरा.

बर्फ लादीवाल्याकडचा आणता का? निळसर दिसला तर हात लावू नका, महाराष्ट्रात न खायच्या बर्फाला निळा रंग टाकायचा नियम आहे. मे महिन्यात बारीक बर्फ ग्लासात पडल्या पडल्या पाणी होते, त्यापेक्षा उकळून गार केलेलं पाणी वाटीत घालून फ्रीजरमध्ये जमवा, मोठा खडा हळू विरघळते. सोडा मात्र शेक करायचा नाही, डब्याचं झाकण उडते, तो शेवटी वरून.

एक गोष्ट मनापासून सांगून राहिलो, पक्की बॉटल नाही म्हणून कुठल्या तरी हातभट्टीत संत्र्याची साल भिजवू नका. त्यात मिथेनॉल नावाचं विषारी अल्कोहोल असू शकते, ते चवीवरून ओळखू येत नाही आणि डोळे जातात, जीवही जाते. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे, तिकडं बॉटल घेऊन जायचंच नाही, बाकी ठिकाणी पिण्याचा परवाना आणि 25 वर्षं वय लागते. गोडव्यामुळं चढलेली उशिरा कळते, दोन ग्लासावर थांबा, गाडी काढू नका, आणि उरलेली लिकर कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर कधीच भरू नका, घरात लेकरं असतात.

बॉटल टिनाच्या खोलीत नको, सावलीत ठेवा. तोंडाशी साखर सुकून झाकण जाम झालं तर ओढाताण न करता गरम पाण्यात पिळलेलं फडकं थोडा वेळ गुंडाळा, सुटते.