हळदीच्या कागदावर टाकणखार तपासताय? या चुका टाळा

पापडात टाकणखार (बोरॅक्स) आहे का, हे हळदीच्या कागदावर घरीही कळतं. खाण्याच्या पदार्थात तो घालायला परवानगी नाही, तेव्हा तपासावंच. पण नीट.

सगळ्यात घातक चूक म्हणजे ॲसिडशिवाय तपासणं. नेहमीचा प्रकार असा: पापड पाण्यात कुस्करला, कागद बुडवला, तो लाल झाला, की लगेच पापडवालीच्या नावाने बोंब. अहो, तो लाल रंग पापडखाराचा! हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, तसाच. एवढ्या घाईपायी कुणाचा धंदा बसू शकतो, याचं भान हवं.

5 ग्रॅम पापडाचा चुरा 20 मिली गरम पाण्यात ढवळून गाळा. त्यात थेंबथेंब करत दीड मिली तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडा. आधी खार फसफसेल; फेस थांबल्यावर निळा लिटमस लाल होतोय ना, ते बघा. मगच हळदीचा कागद बुडवा आणि वाफेवर ठेवलेल्या काचेवर पूर्ण वाळवा. खाराचा लाल रंग ॲसिडात पिवळा पडतो. टाकणखाराचा लाल मात्र कागद वाळतानाच उमटतो. ओला कागद पिवळा दिसला म्हणून फेकून देणारे इथेच फसतात. वाळलेल्या लाल डागावर अमोनियाचा थेंब टाका. हिरवट-काळा झाला तरच टाकणखार म्हणा.

दुसरी चूक हळदीची. पुडीतल्या हळदीत मेटॅनिल यलो (भेसळीचा कृत्रिम पिवळा रंग) असेल तर ॲसिड लागताच कागद गुलाबी-जांभळा होतो आणि निकाल बिघडतो. हळकुंड घरीच कुटा. पाण्यात तिचा रंग जेमतेम उतरतो, म्हणून स्पिरिटमध्ये भिजवा, गाळा, त्यात फिल्टर पेपर बुडवून सावलीत वाळवा. उन्हात रंग उडतो.

संडासाचं ॲसिड नको, त्यात लोह असतं. ॲसिड पाण्यात घाला, उलट नको. हातमोजे आणि चश्मा हवाच.

दरवेळी आणखी दोन कागद सोबत करा: एक नुसत्या पाणी-ॲसिडाचा, कारण वाळताना ॲसिड तीव्र होऊन नुसती हळदही तांबूस होते, दुसरा कॅरमच्या बोरिक पावडरची चिमूट घातलेला. तिन्ही शेजारी ठेवूनच रंग वाचा. कागदावरून प्रमाण सांगता येत नाही. त्यासाठी उरलेले पापड सीलबंद करून प्रयोगशाळेत द्या.