ऑटोमॅटिक घड्याळासाठी वाइंडर घ्यावा का?

ऑटोमॅटिक, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी बसणारे, घड्याळ काढून ठेवले की बहुधा दोन-तीन दिवसांत बंद पडते. पण बंद पडल्याने त्याचे काही बिघडत नाही. उलट, वाइंडरमध्ये, म्हणजे घड्याळ फिरवत ठेवून चावी देणाऱ्या पेटीत, ते अहोरात्र चालत राहिले, तर न वापरताही चाकांची झीज होतच राहते. जास्त चावी बसून स्प्रिंग तुटेल, ही भीती मात्र अनाठायी आहे, कारण स्प्रिंग पूर्ण आवळली गेली की तिचे बाहेरचे टोक डबीच्या भिंतीवरून घसरते.

वाइंडरचा खरा उपयोग पर्पेच्युअल कॅलेंडरच्या, म्हणजे महिन्यांचे कमी-जास्त दिवस आणि लीप वर्ष स्वतःच सांभाळणाऱ्या, घड्याळाला होतो, कारण त्यातील तारीख, वार, महिना आणि चंद्रकला पुन्हा जुळवणे फार किचकट असते. घेतलाच, तर आपल्या यंत्राला दिवसाला किती फेरे आणि कोणती दिशा लागते हे पाहून घ्यावे; व्हॅल्जू 7750 हे यंत्र एकाच दिशेने चावी घेते. एचएमटी जनतासारख्या हाताने चावी द्यायच्या घड्याळाला वाइंडरचा काडीचाही उपयोग नाही, विकणारा काहीही सांगो.

बंद घड्याळ सुरू करताना क्राउन (बाजूची चावीची गुंडी) 20-30 वेळा फिरवावा आणि काटे सकाळी सहाच्या आसपास आणूनच तारीख बदलावी. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारखेचे दाते गुंतलेले असू शकतात.