ऐनवेळी समुद्रावर निघालात? या चुका टाळा

शनिवारी रात्री जेवणं उरकता उरकता कुणीतरी विषय काढतं, "उद्या समुद्रावर जाऊया का?" आणि रविवारी सकाळी डबे भरले जातात. मुंबईत राहण्याचं हे मोठं सुख आहे, ते जरूर घ्या. पण अशा घाईच्या बेतात टॉवेल, चटई, मुलांचे जादा कपडे सगळं आठवतं, फक्त आज भरती किती वाजता आहे हे कुणी बघत नाही. पुढच्या बऱ्याचशा अडचणी तिथूनच सुरू होतात.

भरतीची वेळ न बघता घर सोडणं

भरती-ओहोटीचं वेळापत्रक मोबाइलवर मिळतं. नाहीच मिळालं तर भिंतीवरचं कॅलेंडर आहे. किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट करा, मुंबईतल्या पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. थोडं मागेपुढे होतं, पण दिवस आखायला एवढं पुरतं. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि दुसऱ्या दिवशी हे सगळं सुमारे ५० मिनिटं उशिरा.

आता हे रविवारच्या बेताला लावून बघा. अमावास्येला भर दुपारी पोहोचलात तर उधाणाचं पाणी वर चढलेलं असतं आणि चटई टाकायला जेमतेम जागा उरते. त्याच दिवशी संध्याकाळी सहाला मुलांना धावायला भलंमोठं मैदान मोकळं झालेलं असतं. अष्टमीला नेमकं उलट. पावसाळ्यात साडेचार मीटरहून उंच भरतीच्या तारखा महापालिका आधीच जाहीर करते. त्या दिवशी बेत पुढे ढकला, मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर लाटा अंगावर घ्यायलाही जाऊ नका.

वांद्र्याच्या बँडस्टँडसारख्या खडकाळ किनाऱ्यावर तर वेळ बघितल्याशिवाय खाली उतरूच नये. फोटोसाठी पुढच्या खडकावर बसलेल्या माणसाचं लक्ष समोर असतं आणि भरतीचं पाणी मधल्या घळींतून त्याच्या मागे येऊन भरतं. परतीची वाट शेवाळलेली असते, तिथे पळता येत नाही.

"गुडघाभर पाण्यात काय होतंय?"

हे वाक्य मला सगळ्यात जास्त घाबरवतं. मालाड स्टेशनवरून २७१ ची बस धरून अक्सा गाठता येतं, किनारा मोठा आणि देखणा आहे, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण तिथली वाळू सरकत राहते, कालपर्यंत सपाट असलेल्या जागी आज खड्डा असतो. ओहोटीला पाण्याची ओढ समुद्राकडे असते आणि पायाखालची वाळू निसटू लागते. भिजलेली जीन्स किंवा साडी अशा वेळी माणसाला खाली खेचते.

ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका, दम तिथेच संपतो. तरंगत राहा, हात वर करून ओरडा, पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर जा आणि ओढ कमी झाली की किनाऱ्याकडे वळा. दुसरं कुणी बुडत असेल तर भावाच्या मायेनेही पाण्यात उडी टाकू नका, एकाचे दोन होतात. दोर, चेंडू, झाकण लावलेला रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेका आणि जीवरक्षकाला बोलवा. गिरगाव, दादर, जुहू, वर्सोवा, अक्सा आणि गोराईला जीवरक्षक असतात. पोहोचल्या पोहोचल्या त्यांना विचारा, "दादा, आज कुठे उतरू नये?" या एका प्रश्नाने जीव वाचू शकतो.

अलिबागला जाताना

गेटवेहून मांडव्याच्या बोटी पावसाळ्यात बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट असते, पण तीही हवामान बघूनच. बाकीच्या दिवसांत चूक होते ती परतीच्या तिकिटात: रविवारी संध्याकाळी सगळी मुंबई एकाच वेळी परतायला निघते, आणि अलिबागहून मांडवा धक्का सुमारे २० किलोमीटर आहे. परतीची बोट आधी ठरवा, जेवण नंतर.

कुलाबा किल्ल्यावर चालत जायचं असेल तर पुन्हा तिथी बघा. पौर्णिमेच्या आसपास दुपारी तिथे पाणीच पाणी असतं. अष्टमीच्या सुमारास दुपारी ओहोटी मिळते, पण ती भांगाची, म्हणजे पाणी फारसं मागे हटत नाही. वर गेलात तर किल्ल्यात रेंगाळू नका, खालच्या घोडागाडीवाल्यांना परतायची वेळ विचारूनच चढा.

गाडी वाळूत नेणं

नेऊच नका. तरीही रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका, चाक आणखी खाली जातं. माणसं उतरवा, स्टिअरिंग सरळ करा, टायरमधली थोडी हवा सोडा, चाकापुढची वाळू हाताने उपसून तिथे पायपुसणी घाला आणि हळूच पुढे घ्या. वाळूवर सुका पाला, नारळाच्या शेंड्या, थर्माकोलचे तुकडे यांची एक लांब रेघ दिसते. आधीच्या भरतीचं पाणी तिथवर आलं होतं. गाडी त्या रेघेच्या खाली असेल तर वेळ न घालवता मदत बोलवा.

डंख झाला तर

पावसाळ्यात जुहूसारख्या किनाऱ्यांवर निळे, फुग्यासारखे जेलीफिश वाहून येतात. मेलेलेही डंख मारतात, म्हणून मुलांना हात लावू देऊ नका. डंख झालाच तर वाळूने चोळू नका. चिकटलेले धागे चिमट्याने काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा, मग सोसवेल इतक्या गरम पाण्याने शेका. पाकट माशाचा काटा लागला तर पाय गरम पाण्यात बुडवून ठेवा आणि थेट दवाखाना गाठा. काटा खोल असेल तर स्वतः उपटू नका. श्वास लागला किंवा अंगावर सूज चढली तर १०८ ला फोन करा.

राहिली लोकल. रविवारी मेगाब्लॉक असतो, त्याची माहिती आदल्या दिवशीच येते. ती भरतीच्या वेळेसोबतच बघून घ्या, म्हणजे ओहोटीची वेळ साधायला निघालेलं कुटुंब प्लॅटफॉर्मवर तासभर अडकणार नाही.