रहाटावर ज्यूल मोजायचे कसे

मे महिन्यात बहिणीची दोन्ही मुलं आली की विहिरीवरून हलत नाहीत. थोरली यंदा दहावीत जाईल. ‘कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन’ हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. एक बादली शेंदायला किती ज्यूल (कार्य आणि ऊर्जा मोजायचं एकक) लागतात, म्हटल्यावर मात्र गप्प. मग मोजायलाच बसलो. रहाट असेल तर तुम्हीही मोजा. फक्त कठडा कमरेएवढा नसेल तर मुलांना लांब ठेवा.

रद्दीवाल्याकडे असतो तसला लोंबता स्प्रिंगकाटा लागेल. भरलेली बादली त्याला अडकवा. आमची 11 किलो भरली. हे झालं वस्तुमान. बल हवं म्हणून पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाने, म्हणजे 9.8 ने गुणा, 108 न्यूटन. खोलीसाठी दोराला मीटरमीटरवर चिंध्या बांधा. पाण्यापासून कठड्यापर्यंत सात चिंध्या आल्या. 108 गुणिले 7, म्हणजे साधारण 755 ज्यूल. तेवढी स्थितिज ऊर्जा, म्हणजे उंचीवर नेल्यामुळे साठलेली ऊर्जा, बादलीत आली.

“आणि मी बादली अर्ध्यावर धरून उभा राहिलो तर?” भाच्याचा प्रश्न. विस्थापन शून्य, बादलीवर कार्य शून्य. दंड दुखतात ते खरंच, स्नायू आत सारखे आखडत राहतात आणि पोटातलं अन्न जाळतात, पण त्याची सगळी उष्णता होते. बादलीच्या खात्यात काही जमा होत नाही.

आता खरी गंमत. काटा बादलीकडून काढून आपल्या हाताकडच्या दोराला बांधा आणि काट्याची कडी धरून ओढा. हिसका द्यायचा नाही, एका चालीने ओढायचं, नाहीतर काटा उगाच उड्या मारतो. रहाटामुळे जोर कमी लागतो असं पुष्कळांना वाटतं. आमचा काटा चक्क 13 वर! एकटी स्थिर कप्पी फक्त दिशा बदलते, वर गंजलेल्या आसाचं घर्षण आपल्याच माथी. दोन किलोचा फरक, गुणिले 9.8, गुणिले 7: बादलीमागे 137 ज्यूल आसाच्या उष्णतेत आणि त्या कुईं-कुईंमध्ये गेले. भरलेली बादली हळूहळू खाली सोडून बघा. आमचा काटा 9 दाखवत होता, कारण आता घर्षण आपल्या बाजूने बादली तोलून धरतं. आसाला ग्रीस लावल्यावर ओढताना साडेअकराच्या आसपास आला.

हेच 755 ज्यूल उष्णता म्हणून त्या दहा लिटर पाण्याला दिले तर तापमान किती वाढेल? अंशाच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी. 1845 साली इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स ज्यूलने खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यात वल्ही फिरवून हाच हिशेब मांडला, तेव्हा त्याला फार बारीक वाचणारा थर्मामीटर का लागला असेल ते इथे कळतं.

भाचीने उलटं गणित केलं. एक बादली 25 अंशांवरून 40 वर न्यायला सव्वासहा लाख ज्यूल लागतात, म्हणजे आठशेहून जास्त बादल्या शेंदण्याइतके. भाच्याने लगेच जाहीर केलं, उद्यापासून गार पाण्याने अंघोळ. सकाळी सातला तो बंबाशी लाकडं सारत बसलेला दिसला.