एका डीएसपी ब्लॉकमध्ये आठ बिटांचे दोन गुणाकार कसे बसवायचे

न्यूरल नेटवर्क एफपीजीएवर, म्हणजे हवं तसं सर्किट घडवता येणाऱ्या चिपवर, उतरवताना सगळ्यात आधी संपतात ते गुणक, म्हणजे गुणाकार करणारी सर्किटं. झायलिंक्सच्या अल्ट्रास्केल मालिकेतल्या डीएसपी४८ई२ या तयार गणिती ब्लॉकमध्ये २७×१८ बिटांचा गुणक असतो. त्यात ८×८ चा एकच गुणाकार केला तर बराचसा गुणक नुसता पडून राहतो. दोन गुणाकार त्यात व्यवस्थित बसतात; अट एवढीच, की दोन्हींमधली एक संख्या सामाईक हवी. कन्व्होल्यूशनमध्ये (इनपुटवर छोटी चाळणी सरकवत गुणाकारांच्या बेरजा करणाऱ्या थरात) एकच इनपुट दोन आउटपुट चॅनलांच्या वेटनी, म्हणजे नेटवर्कने शिकलेल्या गुणकांकांनी, गुणायचं असतं, म्हणून ही अट तिथे सहज पाळली जाते.

सर्किट काढायला बसण्याआधी एक निर्णय घ्या: वेट −१२८ ते १२७ नव्हे, −१२७ ते १२७ या पट्ट्यातच ठेवायचे. २५६ पैकी एक कोड सोडून काय मिळतं ते १०२४ पदांच्या बेरजेवर पाहा. −१२८ × −१२८ = १६३८४. हे १०२४ वेळा मिळवलं की १,६७,७७,२१६ होतात, आणि २५ बिटांच्या चिन्हांकित (ऋण संख्याही मावणाऱ्या) रजिस्टरची कमाल आहे १,६७,७७,२१५. एका अंकासाठी अख्खा बिट वाढवावा लागतो! वेट −१२७ वर थांबवले तर मोठ्यात मोठा गुणाकार −१२८ × −१२७ = १६२५६, बेरीज १,६६,४६,१४४, आणि २५ बिट पुरतात. बायस (बेरजेत शेवटी मिळवायची ठरलेली संख्या) मिळवायचा असेल तर त्याची जागा वेगळी धरा.

आता जोडणी. वेट 'अ' १८ जागा डावीकडे सरकवा, त्यात वेट 'ड' प्री-अ‍ॅडरने (गुणकाआधी बेरीज करणाऱ्या भागाने) मिळवा आणि त्या बेरजेला इनपुट 'ब' ने गुणा. उत्तराच्या खालच्या १८ बिटांत ड×ब येतो, वरच्या भागात अ×ब. 'ड' नुसता शेजारी चिकटवू नका. चिन्हबिट वरपर्यंत पसरवून खरोखर बेरीजच करा. चिकटवलात तर −२ चा २५४ होतो. २५×१८ च्या जुन्या ब्लॉकवर ही मांडणी जशीच्या तशी चालत नाही, कारण १८ जागा सरकवलेला ८ बिटांचा वेट २६ बिट घेतो.

हमखास चुकतं ते पुढे. अ = ३, ड = −२, ब = ५ घ्या. ब्लॉकमधून येतात १५ × २,६२,१४४ − १० = ३९,३२,१५०. खालचे १८ बिट चिन्हांकित म्हणून वाचले की −१० बरोबर मिळतात, पण वरच्या भागात १५ ऐवजी १४ दिसतात. खालचा भाग ऋण झाला की तो वरून एक उसना घेतो. म्हणून बिट १७ (शून्यापासून मोजून) १ असेल तर वरच्या भागात १ मिळवा. ही दुरुस्ती दर गुणाकाराला नको; ब्लॉकमध्ये साठत गेलेली गुणाकारांची बेरीज बाहेर काढताना एकदाच पुरते.

बाहेर कधी काढायची, तेही वेटच्या पट्ट्यावरच ठरतं. १८ चिन्हांकित बिटांची कमाल १,३१,०७१. पूर्ण पट्टा वापरला तर आठ गुणाकारांची बेरीज १,३१,०७२ होऊ शकते, म्हणून सातवरच थांबावं लागतं. −१२७ वर थांबलात तर आठांची बेरीज जास्तीत जास्त १,३०,०४८. सातच्या गटांपेक्षा आठचे गट कितीतरी सोयीचे: १०२४ ला आठने नि:शेष भाग जातो आणि काउंटर तीन बिटांचा राहतो.

इनपुटला झीरो-पॉइंट (खऱ्या शून्यासाठी वापरलेला पूर्णांक) असेल तर तो हार्डवेअरमध्ये वजा करू नका. फरकाला नववा बिट लागतो. झीरो-पॉइंट गुणिले वेटांची बेरीज आधीच काढून बायसमधून वजा करा, उत्तर तेच येतं.

शेवटी पुन्हा ८ बिटांवर येताना क्रम पाळा: स्केलने (उत्तर ८ बिटांच्या मापात आणणाऱ्या गुणकांकाने) गुणणे, अर्धा मिळवणे, उजवीकडे सरकवणे, मग मर्यादेत बसवणे. अर्धा न मिळवता सरकवलं तर उत्तर कायम खाली ढळतं, सरासरी अर्ध्या एककाने, आणि हा कल थरागणिक साचत जातो. मर्यादा आधी लावली तर १२७ चे राउंडिंगने १२८ होतात आणि आठ बिटांत ते −१२८ म्हणून बाहेर पडतात.

सर्किट लिहिण्याच्या व्हेरिलॉग भाषेत एक सापळा आहे. साइन्ड (चिन्हांकित) व्हेक्टरमधून काही बिट निवडले की तो तुकडा अनसाइन्ड (बिनचिन्हाचा) होतो, आणि एक ऑपरंड अनसाइन्ड झाला की सगळी राशी अनसाइन्ड मोजली जाते. खालचे १८ बिट काढताना नेमकं हेच घडतं, म्हणून त्यांना पुन्हा साइन्ड करूनच पुढे पाठवा.

चाचणीत नमुने निवडत बसू नका. अ, ड, ब यांच्या जोड्या फार तर १,६७,७७,२१६. सी मॉडेलमध्ये सगळ्या तपासा. तुलनेचं मॉडेल पायथनच्या नमपाय लायब्ररीत असेल तर गुणण्याआधी अ‍ॅरे ३२ बिटांचे करा. ८ बिटांच्या अ‍ॅरेत −१२८ × −१२८ चं उत्तर ० येतं, आणि मग बिनचूक सर्किटच चुकीचं वाटायला लागतं.