कोयोटीसाठी घरी काडतुसं भरताना या चुका टाळा

अमेरिकेत कोयोटीच्या (लांडग्याच्या कुळातला, कोल्ह्यासारखा दिसणारा प्राणी) मागे जाणारे बरेच शिकारी .223 रेमिंग्टन किंवा .22-250 ही रायफलची काडतुसं घरीच भरतात, म्हणजे वापरलेल्या पितळी पुंगळीत नवा प्रायमर (ठिणगी देणारी टोपी), बंदुकीची दारू आणि गोळी बसवतात. स्वतःच्या वापरापुरती भरायला तिथे केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. भारतात मात्र शस्त्र कायदा 1959 नुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे.

या छोट्या पुंगळीत चुकीला जागाच कमी असते. .223 मध्ये दारू मावते जेमतेम पंचवीस ग्रेनच्या आसपास, आणि एका पौंडात ग्रेन 7000! अर्धा ग्रेन इकडेतिकडे झाला की .30-06 या मोठ्या काडतुसाच्या मानाने इथे दुप्पट फरक पडतो. म्हणून काट्यावर पंख्याचा वारा येऊ देऊ नका आणि मधूनमधून प्रमाणित वजन ठेवून काटा तपासा. काडतुसं भरण्याच्या मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मापापासूनच वर जा. टेबलावर दारूचा डबा एकच ठेवा. आयएमआर 4895 आणि हॉजडन एच4895 यांचा आकडा सारखा असला तरी दारू वेगळी आहे, एकीचं माप दुसरीला चालत नाही. कुठली दारू आहे याची शंका आली तर ती वापरायचीच नाही.

पुंगळीची लांबी बरेच जण ती डायमधून (पुंगळीला पुन्हा मूळ मापात आणणारा साचा) काढायच्या आधी मोजतात. पुंगळी लांबते ती डायमध्ये, त्यामुळे माप नंतरच घ्या. .223 ची कमाल लांबी 1.760 इंच, कापायची 1.750 पर्यंत. लांब राहिली तर तिचं तोंड चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं ती जागा) पुढच्या टोकाला आवळलं जातं, गोळी सहज सुटत नाही आणि दाब एकदम चढतो. लष्करी 5.56 च्या पुंगळ्यांची आतली जागा वेगळी असू शकते. त्यांच्यासाठी माप पुन्हा खालपासून ठरवा.

बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) बंद होताना अडतोय? पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतरता भाग) पुरेसा मागे गेलेला नाही, किंवा पुंगळी लांब आहे. याच्या उलट चूक जास्त घातक. डाय गरजेपेक्षा खाली उतरवली की खांदा फार मागे जातो, आणि दर बाराला पितळ बुडाजवळ ताणलं जातं. तिथे चकचकीत कडं दिसू लागतं. टोक वाकवलेली बारीक तार आतून फिरवून बघा. खाच लागली तर ती पुंगळी बाद. बोल्ट रायफलला खांदा दोन हजारांश इंच मागे गेला तरी पुरतो. खांद्यावर खळगे पडत असतील तर वंगण जास्त झालंय. वंगण लावलंच नाही तर पुंगळी डायमध्येच अडकून बसते.

कागदावर भोक गोल न पडता लांबट पडलं, तर गोळी आडवी होतेय. जुन्या .22-250 च्या नळीतल्या खाचांना 14 इंचाला एक पीळ असतो, त्यात लांब, जड गोळ्या स्थिर राहत नाहीत. हलक्या गोळ्या घ्या.

कोयोटीची कातडी थंडीत भरदार असते, म्हणून शिकार जास्त तेव्हाच. ऑगस्टमध्ये नेम बसवलेलं काडतूस वायोमिंगच्या जानेवारीत वेग गमावू शकतं, गोळी खाली लागते. त्याच थंडीत नेम बसवून पुन्हा तपासा. मात्र थंडीत कमाल मापाला भरलेली काडतुसं उन्हाळ्यात वापरू नका, उष्णतेत दाब वाढतो.

बोल्ट जड उघडला, प्रायमर सपाट झाला, बुडावर एजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) चकाकता ठसा उमटला, तर तिथेच थांबा. उरलेली काडतुसं झाडून संपवायची नाहीत. घरी आणून पुलरने (गोळी उपसायचं साधन) गोळ्या काढा आणि माप खाली आणा.